न्यायमूर्ती हव्यात की नकोत? रोझ बर्ड यांची गोष्ट

२०२२ च्या ऑक्टोबरात सनीव्हेलच्या आमच्या घरी टपालाने मतपत्रिका आली, तेव्हा बाबा सांगलीहून आलेले होते. नागरिकत्व मिळाल्यानंतरची माझी ही पहिलीच निवडणूक. कॅलिफोर्नियात नोंदणी केलेल्या प्रत्येक मतदाराला मतपत्रिका घरपोच येते आणि ती चांगली लांबलचक असते. बाबांनी चष्मा लावून ती वाचायला घेतली. जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. मध्येच थांबून म्हणाले, "अगं, हे काय? मुख्य न्यायमूर्तींना पदावर निवडायचं का, असं विचारलंय. खाली हो आणि नाही, दोन गोल."

"हो बाबा, इथे विचारतात."

"आणि तू काय सांगणार? त्यांचा एक तरी निकाल वाचलायस?"

नव्हता वाचला. पॅट्रिशिया गरेरो, गुडविन लियू, मार्टिन जेंकिन्स, जोशुआ ग्रोबन अशी चार नावं होती. समोर दुसरा उमेदवार नाही, पक्षाचं नाव नाही, निशाणी नाही. फक्त हो किंवा नाही. हा प्रकार काय आहे हे बाबांना सांगायला बसले आणि वाचता वाचता कॅलिफोर्नियाच्या एकेकाळच्या मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड या बाईंपाशी येऊन अडकले. त्यांच्या आयुष्यातून ही सगळी पद्धत जितकी नीट कळते तितकी कुठल्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून कळत नाही.

आधी थोडी पायाभरणी. आपल्याकडे कोर्टांची एकच उतरंड आहे. तालुका, जिल्हा, उच्च न्यायालय, वर सर्वोच्च न्यायालय. कायदा केंद्राचा असो की राज्याचा, खटला त्याच पायऱ्या चढतो. अमेरिकेत अशा उतरंडी दोन, शेजारी शेजारी मांडलेल्या. एक संघराज्याची, एक राज्याची. आपण बातम्यांत वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाबद्दल ऐकतो, पण खून, घटस्फोट, भाडेकरूचं भांडण, मृत्युपत्र, दारू पिऊन गाडी चालवणं हे सगळं मुख्यतः राज्याच्या कोर्टात चालतं. देशातले ९५ टक्क्यांहून जास्त खटले राज्यांच्या कोर्टांत दाखल होतात. राज्याच्या स्वतःच्या कायद्याचा अर्थ काय, यावर शेवटचा शब्दही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा. संघराज्याच्या घटनेचा प्रश्न गुंतला असेल तरच वॉशिंग्टनला हात घालता येतो.

(नावांवर जाऊ नका. कॅलिफोर्नियात सगळ्यात खालच्या कोर्टाला 'सुपीरियर कोर्ट' म्हणतात. न्यूयॉर्कने तर खालच्या कोर्टाचं नाव 'सुप्रीम कोर्ट' ठेवलंय आणि सगळ्यात वरचं ते 'कोर्ट ऑफ अपील्स'. बाबा हे ऐकून बराच वेळ हसत होते.)

संघराज्याच्या न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, सेनेट मान्यता देतं आणि मग ते तहहयात बसतात. राज्यांचं मात्र पन्नास घरी पन्नास चुली. टेक्सासमध्ये न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर उभे राहतात. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनात विधिमंडळ त्यांना निवडतं. मॅसॅच्युसेट्समध्ये नेमणूक झाली की सत्तराव्या वर्षापर्यंत कोणी हलवत नाही. लोकांनीच न्यायाधीश निवडायचे ही पद्धत १८३२ मध्ये मिसिसिपीने सगळ्या कोर्टांना लावली. त्यामागचा विचार वाईट नव्हता: गव्हर्नर (राज्याचा निवडून आलेला कारभारी, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) आणि त्याच्या गोतावळ्याने आपली माणसं बसवण्यापेक्षा लोकांनी निवडावीत. पण निवडणूक म्हटली की वर्गणी आली, वर्गणी देणारा वकील आला, आणि उद्या तोच वकील त्याच न्यायाधीशासमोर उभा.

कॅलिफोर्नियाने १९३४ मध्ये मधला मार्ग काढला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जागा रिकामी झाली की गव्हर्नर नाव सुचवतो. तीन जणांची समिती ते तपासते. नेमणूक झाली की गव्हर्नरपदाच्या पुढच्या निवडणुकीत त्या न्यायमूर्तींचं नाव मतपत्रिकेवर येतं: ठेवायचं की नाही? ठेवलं तर आधीच्या न्यायमूर्तींच्या मुदतीतली उरलेली वर्षं त्यांना मिळतात, आणि ती संपली की पुन्हा हाच प्रश्न, या वेळी बारा वर्षांसाठी. १९३४ पासून पन्नास वर्षं या प्रश्नाला लोक 'हो' म्हणत आले. इतकं की ती औपचारिकताच समजली जायची.

रोझ बर्ड यांचा जन्म १९३६ चा, ॲरिझोनातल्या टूसानजवळचा. वडील लहानपणीच गेले. आई मुलांना घेऊन न्यूयॉर्ककडे गेली आणि कारखान्यात कामाला लागली. मुलगी अभ्यासात हुशार. लाँग आयलंड विद्यापीठातून पदवी, मग बर्कलीतून कायदा, १९६५. वर्षभर नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या हाताखाली काम करून त्या सांता क्लारा काउंटीत आल्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, आणि सरकारी बचाव वकिलांच्या कचेरीत लागल्या. ज्या आरोपीला वकील परवडत नाही त्याला सरकार वकील देतं, ती ही कचेरी. तिथे वकील म्हणून लागलेल्या त्या पहिल्या बाई. आठेक वर्षं त्यांनी हेच काम केलं.

१९७४ मध्ये जेरी ब्राउन गव्हर्नरपदाला उभे राहिले. बर्ड त्यांच्या प्रचारात स्वयंसेवक होत्या, गाडीसुद्धा चालवायच्या. ब्राउन निवडून आले आणि १९७५ मध्ये त्यांनी बर्ड यांना शेती आणि सेवा विभागाच्या प्रमुखपदी बसवलं. राज्याच्या मंत्रिमंडळात बाई पहिल्यांदाच आली होती. त्याच वर्षी शेतमजुरांना संघटना करण्याचा आणि मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क देणारा कायदा झाला. तो घडवण्यात बर्ड यांचा मोठा हात होता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आखूड दांड्याच्या कुदळीवरही बंदी आली. कोबीच्या, बीटच्या शेतात मेक्सिकन मजूर हातभर दांड्याची कुदळ घेऊन दिवसभर कमरेत वाकून चालायचे. ताठ उभा दिसला की मुकादमाला लांबूनच कळायचं, हा काम करत नाहीये. खुरपणीला बसलेल्या बाईची संध्याकाळची कंबर ज्यांनी पाहिली आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको. बडे बागाईतदार अर्थातच खवळले. पुढे दहा वर्षं जो राग धुमसत राहिला त्याची पहिली ठिणगी फाशीच्या कोठडीत नव्हे, शेतात पडली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१९७७ मध्ये मुख्य न्यायमूर्ती डोनाल्ड राइट निवृत्त झाले आणि ब्राउन यांनी बर्ड यांचं नाव पुढे केलं. वय चाळीस. त्यापूर्वी एक दिवसही न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेल्या नव्हत्या. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात तोवर एकही बाई आली नव्हती. या आल्या त्या थेट मुख्य न्यायमूर्ती म्हणून. अनुभवी, ज्येष्ठ न्यायमूर्ती बाजूला बसलेले असताना. आपल्याकडे ज्येष्ठता डावलली की केवढं वादळ होतं ते आठवून पाहा. तीन जणांच्या समितीत नाव दोन विरुद्ध एक असं, जेमतेम पार पडलं.

खरं सांगायचं तर या नेमणुकीचं मला पूर्ण समर्थन करता येत नाही. वकील म्हणून त्या उत्तम होत्या यात शंका नाही, पण मुख्य न्यायमूर्तींना निकाल लिहिण्याबरोबर सहकाऱ्यांना सांभाळावं लागतं, आणि ते त्यांना जमलं नाही असं त्यांच्या बाजूचे लोकही म्हणत. त्या कोणावर चटकन विश्वास टाकत नसत. त्यातच १९७६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती आणि तो आजार पुढेही उलटत राहिला.

१९७८ च्या नोव्हेंबरात त्यांचं नाव पहिल्यांदा मतपत्रिकेवर आलं. नेमकं मतदानाच्या दिवशी सकाळी लॉस एंजेलिस टाइम्समध्ये बातमी आली: गुन्ह्यात बंदूक वापरणाऱ्याला तुरुंग सक्तीचा करणारा कायदा सैल करणारा एक निकाल कोर्टात तयार आहे, पण निवडणूक होईपर्यंत दाबून ठेवलाय. बर्ड ५१.७ टक्के मतांनी कशाबशा वाचल्या. पुढे चौकशी झाली, त्यातून कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. पण डाग बसला तो बसलाच.

आता मुख्य भाग, फाशीचा. तो सावकाश वाचा, कारण गैरसमज सगळे इथेच आहेत.

कॅलिफोर्नियात खालच्या कोर्टाने फाशी दिली की कैद्याने मागो न मागो, अपील आपोआप थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जातं. मधली पायरी नाही. त्यामुळे 'हा खटला मला नको' म्हणायची सोय मुख्य न्यायमूर्तींना नसते. १९७२ मध्ये याच कोर्टाने, बर्ड येण्याच्या पाच वर्षं आधी, फाशी राज्यघटनेविरुद्ध ठरवली होती. त्याच वर्षी लोकांनी मतदान करून घटना बदलली. १९७७ मध्ये विधिमंडळाने ब्राउन यांचा नकाराधिकार ओलांडून फाशीचा नवा कायदा केला. तो लिहिणारे आमदार होते जॉर्ज डुकमेजियन. हे नाव लक्षात ठेवा. १९७८ मध्ये लोकांनी थेट मतदानाने तो कायदा आणखी कडक, आणखी लांबरुंद केला. आणि घाईत लिहिलेल्या कायद्याचं जे होतं तेच त्याचं झालं: भाषा गुळमुळीत राहिली.

समजा, दोघं एका दुकानावर दरोडा घालायला जातात. झटापटीत गोळी सुटते, दुकानदार मरतो. दरोड्यातला मृत्यू म्हणून हा पहिल्या प्रतीचा खून, ठरलं. पण फाशी द्यायची तर मारण्याचा इरादा सिद्ध व्हायला हवा, की दरोडा घातला एवढं पुरे? १९७८ च्या कायद्याची वाक्यं दोन्ही बाजूंनी वाचता येत होती. १९८३ मध्ये कार्लोस या खटल्यात कोर्टाने ठरवलं: इरादा सिद्ध व्हायला हवा. वाचायला साधं वाटतं. पण तोवर राज्यभरच्या कोर्टांत ज्यूरींपुढे हा प्रश्न ठेवलाच गेला नव्हता. ज्यूरीतले लोक कायदेतज्ज्ञ नसतात. न्यायाधीश जे प्रश्न पुढ्यात ठेवतात त्यांचीच उत्तरं ते देतात. प्रश्नच विचारला नाही तर उत्तर कुठून येणार? त्यामुळे एकामागून एक फाशीच्या शिक्षा परत पाठवल्या जाऊ लागल्या.

परत पाठवणं म्हणजे सोडून देणं नव्हे. कैदी तुरुंगातच राहायचा, काहींचा खटला नव्याने चालायचा, काहींची फक्त शिक्षा पुन्हा ठरायची. पण 'फाशी रद्द' एवढं मथळ्यात येतं. पुढचं कोण वाचतं?

बर्ड यांच्या काळात फाशीची ६४ प्रकरणं त्यांच्यापुढे आली. ६४ पैकी ६४ मध्ये त्यांनी फाशीच्या विरोधात मत दिलं. त्यातल्या ६१ मध्ये किमान तीन सहकारी त्यांच्या बाजूने होते, म्हणजे हे एकटीचं खूळ नव्हतं. सात जणांच्या कोर्टाचं बहुमत होतं. तरीही ६४ पैकी ६४ हा आकडा मला खटकतो. एकाही खटल्यात सगळं बिनचूक झालं नव्हतं? प्रत्येक वेळी त्यांनी कायद्याचं कारण दिलं, आणि बरीच कारणं पटण्यासारखी आहेत. पण फाशी मनातूनच मान्य नसलेला न्यायाधीश चूक शोधायला बसला तर ती सापडतेच, हा आक्षेप अगदीच हवेतला म्हणता येणार नाही. बाबांचं मत वेगळं. ते म्हणाले, "फाशीच्या फाइलीत चूक शोधायचीच असते. दुसरं काय काम असतं वरच्या कोर्टाचं?"

१९८६ उजाडलं. राइट यांच्या मुदतीतली उरलेली वर्षं संपत आली होती आणि बर्ड यांचं नाव पुन्हा मतपत्रिकेवर येणार होतं. गव्हर्नर आता डुकमेजियन, फाशीचा कायदा लिहिणारेच, आणि त्यांनीही त्याच वर्षी पुन्हा उभं राहताना बर्ड यांना प्रचाराचा मुद्दा केलं. ज्यांची मुलं मारली गेली ते आईबाप टीव्हीच्या जाहिरातींत येऊन बोलले. त्या दुःखाला उत्तर द्यायला कोण धजणार? गाड्यांच्या मागे 'बाय बाय बर्डी' अशा पट्ट्या लागल्या. प्रचाराला पैसा कोणाकडून आला, हे पाहिलं तर बागाईतदार दिसतात, तेल आणि जमीनजुमल्याच्या धंद्यातले लोक दिसतात. कारण बर्ड कोर्टाचे निकाल मजुरांच्या, भाडेकरूंच्या, ग्राहकांच्या बाजूचेही होते आणि ते त्यांना महाग पडत होते. पण 'आमचा नफा बुडतोय, हिला काढा' असं जाहिरातीत कोण म्हणेल? फाशी मात्र घरोघर कळणारी गोष्ट.

बर्ड यांच्या बाजूने अडचण अशी की न्यायाधीश म्हणून त्यांना फार बोलताही येत नव्हतं. चालू खटल्यावर बोलायचं नाही, पुढे काय निकाल देईन याचं आश्वासन द्यायचं नाही. पैलवानाचे हात बांधून त्याला फडात उतरवावं तसं हे. त्यात प्रचार सांभाळणाऱ्या सल्लागारांशी त्यांचं पटलं नाही आणि बरंचसं त्यांनी स्वतःच चालवलं.

४ नोव्हेंबर १९८६ ला निकाल लागला. दोन तृतीयांश मतदारांनी 'नाही' म्हटलं. त्यांच्याबरोबर आणखी दोघे गेले: जोसेफ ग्रोडिन आणि क्रूझ रेनोसो. रेनोसो हे शेतमजुराचे पोर, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले लॅटिनो न्यायमूर्ती. त्या आखूड कुदळीविरुद्ध ज्या कायदेमदत संस्थेने दावा लढवला, तिचे ते एकेकाळचे संचालक. ग्रोडिन तर मवाळ, अभ्यासू प्राध्यापक. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं झालं. १९३४ पासून या कोर्टातून लोकांनी काढलेले हे पहिले तिघे. त्यानंतर आजवर चौथं नाव नाही.

डुकमेजियन यांनी माल्कम ल्युकस यांना मुख्य न्यायमूर्ती केलं. नव्या कोर्टाने १९८७ मध्येच कार्लोसचा निकाल फिरवला आणि फाशीच्या बहुतेक शिक्षा कायम होऊ लागल्या. लोकांना हवं ते मिळालं? बर्ड पदावरून गेल्यावर कॅलिफोर्नियात मृत्युदंडाची पहिली प्रत्यक्ष अंमलबजावणी झाली ती १९९२ मध्ये, रॉबर्ट हॅरिसची. सहा वर्षांनी. आणि हॅरिसची शिक्षा तर बर्ड यांच्याच काळात, १९८१ मध्ये, त्यांचं मत बाजूला सारून त्याच कोर्टाने कायम केली होती. पुढे २००६ पर्यंत एकूण १३ जणांच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली, नंतर एकाच्याही नाही, आणि २०१९ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर स्थगितीच आणली.

बर्ड यांचं पुढे काय झालं ते वाचताना मला वाईट वाटलं. निवृत्त न्यायमूर्तींना एरवी मोठमोठ्या वकिली कंपन्या पायघड्या घालतात. यांना कोणी बोलावलं नाही. काही काळ लॉस एंजेलिसच्या टीव्हीवर भाष्यकार म्हणून आल्या, तेही टिकलं नाही. पालो आल्टोत आईबरोबर राहायच्या. शेजारच्या ईस्ट पालो आल्टोत गरिबांना कायद्याची मदत देणारी एक कचेरी होती, तिथे एक दिवस काम मागायला गेल्या. कोण आहे ते सांगितलं नाही. तिथल्यांनी या बाईंना झेरॉक्सच्या मशीनवर बसवलं आणि त्या निमूटपणे कागद काढत राहिल्या. ४ डिसेंबर १९९९ ला त्या गेल्या, कर्करोगानेच, वयाच्या ६३ व्या वर्षी.

हे सगळं जुनं झालं असं बाबांना वाटलं. नाही. आयोवात २००९ मध्ये कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली आणि २०१० मध्ये लोकांनी तिथल्या तीन न्यायमूर्तींना घरी पाठवलं. आमच्याच सांता क्लारा काउंटीत २०१८ मध्ये एरन पर्स्की या न्यायाधीशांना मुदत संपण्याआधीच मतदानाने परत बोलावलं गेलं, कारण स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याला लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात त्यांनी सहा महिन्यांचीच शिक्षा दिली होती. कॅलिफोर्नियात असं १९३२ नंतर पहिल्यांदा घडलं. तिथे मी स्वतः कोणत्या बाजूला झाले असते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या मुलीचं कोर्टातलं निवेदन वाचलं की एक मत होतं आणि बर्ड यांची गोष्ट वाचली की दुसरं. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका खुर्चीसाठी दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे १० कोटी डॉलर ओतले. एका खुर्चीसाठी!

मतपत्रिका चार दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होती. मी लियू यांचे दोन आणि गरेरो यांचा एक निकाल डाउनलोड करून वाचला. बाबा शेजारी बसून तळटिपा मोठ्याने वाचत होते आणि निकालपत्राची बांधणी चांगली आहे, असं प्रशस्तिपत्र देत होते. चौघांच्या नावापुढे 'हो' केलं. त्याखाली आमच्या भागाच्या अपील कोर्टाच्या न्यायमूर्तींची नावं होती. त्यांचं काही वाचायला वेळ उरला नाही. ते गोल कोरे ठेवून पाकीट चिकटवलं आणि लायब्ररीबाहेरच्या पेटीत टाकलं. बाबांनी पेटीचं कुलूप ओढून पाहिलं.